‘तात्पुरते’ स्थानक : शिवाजीनगर ते वाकडेवाडी

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा दोघा-तिघांनी आम्हाला विचारले, "सर, तत्त्वज्ञान सोडून एकदम एसटी स्टँडवर कसे काय उतरलात?" आम्ही म्हटले, उतरायला स्टँड जागेवर आहे कुठे? विनोद बाजूला ठेवू. तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकाला दुसरे काही येत नसले तरी एक काम येते, लोक रोज वापरतात तो शब्द उचलून उजेडात धरायचा. आज आम्ही असे दोनच शब्द धरणार आहोत. एक ‘स्थानक’ आणि दुसरा ‘तात्पुरते’. पुण्यात मेट्रोसाठी शिवाजीनगरचे एसटी स्थानक हलवले गेले, त्या निर्णयाची ही समीक्षा आहे. मेट्रोला विरोध म्हणून आम्ही बोलत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पुण्याला मेट्रो हवीच होती आणि ती उशिराच आली.

ऐकणाऱ्यांपैकी बरेच जण पुण्याबाहेरचे आहेत, म्हणून आधी भूगोल. पुण्यात एसटीची तीन मोठी स्थानके. सातारा, सांगली, कोल्हापूरकडे जायचे तर स्वारगेट. मुंबईच्या गाड्यांसाठी पुणे स्टेशन. आणि नाशिक, नगर, संभाजीनगर, जळगाव, एकूण खानदेश, मराठवाडा, विदर्भ यांच्यासाठी शिवाजीनगर. या तिसऱ्या स्थानकाची जागा कशी होती बघा. त्याला लागून शिवाजीनगरचे रेल्वे स्टेशन, जिथे लोणावळ्याच्या लोकल थांबतात. समोर संचेती चौक. पायी जाण्याच्या अंतरावर जिल्हा न्यायालय, महापालिका, इंजिनीअरिंग कॉलेज, मोठी इस्पितळे. परभणीहून रात्रभर बसून आलेला माणूस पहाटे उतरायचा, नळावर तोंड धुवायचा, चहा घ्यायचा आणि चालत कोर्टाच्या तारखेला जायचा. ज्या कामासाठी तो आला ते काम स्थानकाच्या आसपासच होते. शहराचा आराखडा करणाऱ्यांनी ते मुद्दाम तसे केले असेल किंवा नसेल, पण सत्तर वर्षांच्या वापराने ते तसे घडले होते.

२४ डिसेंबर २०१६ ला पुणे मेट्रोची पायाभरणी झाली. पिंपरी-चिंचवडहून स्वारगेटकडे जाणारी मार्गिका शिवाजीनगरपाशी जमिनीखाली शिरते. तिथले भुयारी स्टेशन ज्या जागेत करायचे ठरले ती जागा एसटीची. मग २०१९ च्या डिसेंबरअखेरीस सगळे स्थानक उचलून जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर वाकडेवाडीला, शासकीय दूध डेअरीच्या आवारात नेले गेले. अंतर साधारण दोन किलोमीटर. तात्पुरते, असे सांगितले गेले. त्यानंतर तीनच महिन्यांत टाळेबंदी आली आणि एसटी थांबली. ती पुन्हा रुळावर येते न येते तोच २०२१ च्या दिवाळीच्या सुमारास कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला, तो थेट एप्रिल २०२२ पर्यंत चालला. या दोन गोष्टी आम्ही मुद्दाम सांगतो आहोत. स्थानक गेल्यावर जी बोंब व्हायला हवी होती ती झालीच नाही, कारण बोंब मारणारा प्रवासीच त्या काळात घरी होता. प्रवासी परत आला तेव्हा वाकडेवाडी ही जुनी गोष्ट झाली होती.

१ ऑगस्ट २०२३ ला शिवाजीनगरचे मेट्रो स्टेशन सुरू झाले. २९ सप्टेंबर २०२४ ला मेट्रो स्वारगेटपर्यंत गेली. स्थानक मात्र वाकडेवाडीतच राहिले. नवे स्थानक कुणी बांधायचे, खर्च कुणी सोसायचा, वर व्यापारी संकुल कसे असावे, यावर दोन सार्वजनिक संस्थांची बोलणी होत राहिली. त्या बोलण्यांचा तपशील आम्ही चघळणार नाही. त्यात कोण बरोबर, कोण चूक हा हिशेबनिसांचा प्रश्न आहे. आम्हाला निघालेला परिणाम तपासायचा आहे आणि तो असा. नाशिकहून एसटीने आलेल्या बाईला मेट्रोने मंडईला जायचे असेल, तर ती वाकडेवाडीला उतरते. तिथे स्थानकाच्या दारात मेट्रो नाही. ती रिक्षा करते आणि शिवाजीनगरच्या मेट्रो स्टेशनला येते. म्हणजे एसटीचे स्थानक जिथे होते, त्याच जागी ती येते. मेट्रो आणि एसटी यांची भेट व्हावी अशा जागी मेट्रोचे स्टेशन आले, आणि ते यावे म्हणून एसटीला तिथून उठवले. लग्नाला जागा पुरावी म्हणून नवरदेवालाच बाहेर बसवल्यासारखे झाले हे.

आता पहिला शब्द. एसटीच्या बोलीत दोन वेगळे शब्द आहेत आणि आपण ते सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. ‘आगार’ आणि ‘स्थानक’. आगार म्हणजे जिथे गाड्या राहतात, धुतल्या जातात, डिझेल भरले जाते, टायर बदलतात, चालक-वाहकांच्या ड्युट्या लागतात. स्थानक म्हणजे जिथे माणसे गाडीत चढतात आणि उतरतात. पुष्कळदा दोन्ही एकाच आवारात असतात, म्हणून गोंधळ होतो. पण विचार करा. आगार हलवले तर कुणाचे बिघडते? गाड्यांचा थोडा रिकामा फेरा वाढतो, डिझेल थोडे जास्त लागते. आगाराचे मोजमाप गाडीच्या सोयीने होते. किती गाड्या मावतात, वळायला जागा किती, आत-बाहेर करायला रस्ता कसा. या हिशेबाने वाकडेवाडीची जागा काही वाईट नाही. फलाट केले, चौकशीची खिडकी केली, छत घातले, गाड्या वेळेवर लागू लागल्या. गाडीचे काहीच हरवले नाही.

स्थानकाचे मोजमाप मात्र आतून होतच नाही. त्याच्या भोवती काय आहे, त्यावर ते होते. गिल्बर्ट राईल नावाचे ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ होते. त्यांनी १९४९ च्या आपल्या ग्रंथात एक दाखला दिला आहे, तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांना तो पाठ असतो. एक पाहुणा ऑक्सफर्डला येतो. त्याला कॉलेजे दाखवतात, ग्रंथालय दाखवतात, मैदाने दाखवतात, कचेऱ्या दाखवतात. सगळे पाहून तो विचारतो, हे ठीक, पण विद्यापीठ कुठे आहे? त्याला वाटते विद्यापीठ ही आणखी एक इमारत असणार. राईल याला कोटि-प्रमाद म्हणतात, म्हणजे एका जातीची गोष्ट भलत्याच जातीत घालणे. शिवाजीनगरला याच जातीचा प्रमाद उलट्या दिशेने झाला. फलाट नेले, खिडकी नेली, पाट्या नेल्या, नियंत्रकाची केबिन नेली आणि मग म्हटले, स्थानक नेले. पण रेल्वेचा जिना, कोर्टाची पायवाट, समोरच्या चौकातली शहर बस, रात्री दोन वाजताही असलेली वर्दळ, या गोष्टी ट्रकमध्ये घालून नेता येत नाहीत. त्या मागे राहिल्या. हलले ते आगार. स्थानक हललेच नाही. ते मोडले.

न्याय-वैशेषिकांच्या भाषेत हाच मुद्दा अधिक नेमका मांडता येतो. त्यांनी दोन वस्तूंमधल्या संबंधांचे प्रकार सांगितले, त्यातले दोन इथे कामाचे. संयोग आणि समवाय. टेबलावर पुस्तक आहे, हा संयोग. पुस्तक उचला, पुस्तक पुस्तकच राहते, टेबल टेबलच. धाग्यांमध्ये वस्त्र आहे, हा समवाय. धागे सुटे करा, वस्त्र दुसरीकडे जाऊन बसत नाही, ते उरतच नाही. नियोजनाच्या कागदावर स्थानक आणि त्याची जागा यांचा संबंध टेबल-पुस्तकासारखा काढला गेला. इथे कुणी शास्त्री आम्हाला अडवेल की स्थानक आणि जमीन हा समवाय कसा, स्थानके काय जगात हलत नाहीत? हलतात. आमचे म्हणणे जमिनीविषयी नाहीच. स्थानक ज्या धाग्यांचे विणलेले असते ते धागे म्हणजे वाटा. वाटा नव्याने विणा, स्थानक कुठेही न्या. वाकडेवाडीला वाटा विणल्या गेल्या नाहीत, एवढाच आमचा आक्षेप आहे. आणि तो लहान नाही.

लहान का नाही, ते पैशात सांगतो. ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला. मार्च २०२३ पासून सर्व महिलांना अर्धे तिकीट. दोन्ही निर्णय आम्हाला मनापासून आवडलेले. (पहिल्याचा लाभ आमच्या काही मित्रांना मिळतो, आम्हाला तो यायला अजून थोडा अवकाश आहे.) आता असा विचार करा. संगमनेरहून शहात्तर वर्षांचे आजोबा डोळे दाखवायला पुण्याला आले. शे-दीडशे किलोमीटर त्यांना सरकारने फुकट आणले. पुढचे दोन किलोमीटर, जे पूर्वी नव्हतेच, त्यांना रिक्षा लागते. सप्टेंबर २०२२ मध्ये ठरलेल्या पुण्याच्या दराने पहिल्या दीड किलोमीटरला २५ रुपये आणि पुढच्या किलोमीटरला १७. म्हणजे जाताना तेहतीस-चौतीस, येताना तेवढेच. आणि हे रिक्षा मीटरने आली असे धरून! पहाटे चारला वाकडेवाडीबाहेर मीटरची गोष्ट काढणाऱ्याला आमचा नमस्कार. ज्यांचे तिकीट आपण माफ केले त्यांच्याकडून आपण मेट्रोच्या जागेचे भाडे वसूल करतो आहोत. कुठल्याही अंदाजपत्रकात ते दिसत नाही. त्याची पावती मिळत नाही. स्थानक आज आणायचे की दोन वर्षांनी, या चर्चेत हा पैसा कुणी खर्चाच्या बाजूला मांडत नाही, म्हणून उशीर स्वस्त वाटतो.

एक लक्षात घ्या, धोरणात हे लिहिलेले नव्हते असे नाही. २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाचा गाभाच असा आहे की, विचार वाहने हलवण्याचा नको, माणसे हलवण्याचा हवा. आम्ही आगार आणि स्थानक म्हणतो ते हेच. २०१७ च्या मेट्रो धोरणाने तर स्टेशनभोवतीच्या पाच किलोमीटरच्या परिसरात पूरक बससेवा आणि शेवटच्या टप्प्याची जोडणी यांची हमी राज्यांकडून मागितली. वाकडेवाडी त्या पाच किलोमीटरच्या कितीतरी आत येते. पण कागदावरची ‘जोडणी’ घरून निघालेल्या शहरी नोकरदाराला डोळ्यासमोर ठेवते. पाठीवर लॅपटॉपची पिशवी, हातात मोबाइल. हातात ट्रंक, कडेवर पोर आणि डोक्यावर गहू-बाजरीचे पोते घेऊन शहरात शिरणारा माणूस या जोडणीच्या चित्रात नसतो. आणि एसटीचे ब्रीद ‘बहुजन हिताय, बहुजन सुखाय’ असे आहे. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी धावली, तेव्हापासून ही संस्था याच माणसासाठी आहे.

आता दुसरा शब्द, ‘तात्पुरते’. मराठीत ‘पुरता’ हा मोठा प्रामाणिक प्रत्यय आहे. कामापुरता मामा, दोन दिवसांपुरती सोय, घासापुरते मीठ. ‘पुरता’ आला की कुंपण आले, इथपर्यंत आणि यापुढे नाही. म्हणून तात्पुरते म्हणणाऱ्याला ‘कशापुरते?’ असे विचारण्याचा हक्क आपल्याला भाषेनेच दिलेला आहे. वाकडेवाडीच्या बाबतीत उत्तर होते, मेट्रोच्या कामापुरते. चांगले उत्तर. स्टेशन सुरू झाले त्या दिवशी ते काम संपले. मग शब्दाचे कुंपण गेले आणि शब्द तसाच राहिला. असा कुंपण गेलेला ‘तात्पुरता’ फार सोयीचा असतो बरं का. कायमचे म्हटले की कायमच्या सोयी कराव्या लागतात. परत नेतो म्हटले की तारीख द्यावी लागते. तात्पुरते म्हटले की दोन्ही टळते. वाकडेवाडीला पक्के काही मागा, तर ‘तात्पुरती जागा आहे हो’. शिवाजीनगरची तारीख मागा, तर ‘सोय केलेली आहे ना?’. एकच शब्द दोन्ही खिडक्यांवर ‘पलीकडे विचारा’ म्हणून उभा आहे.

परवा एका तरुण मित्राने आम्हाला विचारले की परदेशात तर ट्राम आणि लाइट रेलसाठी अशी स्थानके सरळ बंद करतात, तिथे कुणी रडत नाही. उदाहरण चांगले होते. कॅनडात ऑन्टारिओ प्रांतात किचनर नावाचे गाव आहे. तिथे २१ जून २०१९ ला ‘आयॉन’ नावाची लाइट रेल सुरू झाली, एकोणीस किलोमीटरची. त्याबरोबर गावाच्या मध्यातले चार्ल्स स्ट्रीटचे बस टर्मिनल बंद झाले. पण कारण काय होते ते बघा. तिथल्या टर्मिनलचा मुख्य उपयोग शहर बसचा. सगळ्या बस एका जागी येऊन माणसे बदलायची. रेल आल्यावर बस रेलच्या वेगवेगळ्या थांब्यांना जोडल्या. अदलाबदल एका अंगणात होत होती ती मार्गभर पसरली. आधी वाटा नव्याने विणल्या आणि मग जुने मोडले. गावाबाहेर जाणाऱ्या बसच्या प्रवाशाचे त्यात भले झाले असे आम्ही म्हणणार नाही, तो प्रवासी तिकडेही शेवटच्या रांगेत असतो. पण ‘बंद’ म्हणजे बंद, हे तरी त्यांनी सांगितले.

इतके लांब जायचीही गरज नाही. स्वारगेट बघा. तिथेही भुयारी मेट्रो आली. एसटीचे स्थानक जागेवर राहिले आणि मेट्रोचे काम शेजारच्या जागेत झाले. शिवाजीनगरला जमिनीचा आकार वेगळा होता, खणायला तीच जागा लागली, हे आम्ही मान्य करतो. खणताना त्यावर बस उभ्या करा असे कोण म्हणेल? हलवणे अपरिहार्य होते. पण अपरिहार्यता खणण्यापुरती असते. पुन्हा तो ‘पुरता’ आलाच.

वाकडेवाडीच्या बाजूनेही एक युक्तिवाद आहे आणि तो आम्ही टाळणार नाही. नाशिक-नगरच्या लांब पल्ल्याच्या गाड्या संचेती चौकाच्या कोंडीत आणायच्याच कशाला? चालक सांगतात की वाकडेवाडीहून गाडी लवकर मोकळी होते. त्यात तथ्य आहे. कुणी हा युक्तिवाद छातीठोकपणे मांडावा, वाकडेवाडी कायमची जाहीर करावी, तिथून शिवाजीनगर मेट्रोपर्यंत दर दहा मिनिटांनी बस ठेवावी आणि तिचे भाडे एसटीच्या तिकिटातच धरावे, सवलतीसकट. तशी योजना आली तर आम्ही तिच्याशी वाद घालू, पण तिचा मान ठेवू. आमचे मत अर्थात वेगळे आहे. हिंजवडीची तिसरी मार्गिकाही याच परिसरात येऊन टेकणार आहे. रेल्वे आहेच. जिथे चार वाटा मिळतात तिथून पाचवी उठवायची नसते. स्थानक शिवाजीनगरलाच यावे. पण दोन्हींपैकी एक काहीतरी म्हणा. आज जे चालले आहे त्याला निर्णय म्हणताच येत नाही, कारण त्याची जबाबदारी घ्यायला कुणाचे नाव लागत नाही.

एक चिठ्ठी आली आहे. "नवीन स्थानकावर व्यापारी संकुल होणार असेल तर आपला त्याला विरोध आहे का?" नाही. संकुलातून एसटीला चार पैसे मिळणार असतील तर मिळू देत, तिला त्यांची गरज आहे. पण नकाशे लोकांसमोर येतील तेव्हा मंडळी वरचे मजले बघत बसतात, काचा किती, पार्किंग किती. तुम्ही तळमजला बघा. नगरची गाडी ज्या फलाटाला लागते तिथपासून मेट्रोच्या तिकीट खिडकीपर्यंत बोटाने रेघ ओढा. बोट रस्त्यावर गेले, किंवा दुकानांच्या गल्लीतून फिरून आले, की समजा पुन्हा आगारच बांधले जाते आहे. जिना असेल तर त्याच्या शेजारी लिफ्ट आहे का बघा, आणि ती पहाटे चारला, मेट्रो सुरू व्हायच्या आधी, चालू राहणार आहे का, हे हरकती-सूचनांच्या अर्जात लेखी विचारा. दुसरी चिठ्ठी पीएमपीच्या थांब्यांविषयी आहे, ती आपण पुढच्या वेळी घेऊ.